दप्तर पोचले, वाचन कधी पोचणार?



शाळा उघडल्यावर दप्तरे आणि वह्या वाटण्यासाठी मी बोईसरच्या पूर्वेकडील एका पाड्यावर गेले होते. वाटप चालू असताना पाचवीतली एक मुलगी आपली गेल्या वर्षीची वही दाखवायला पुढे आली. अक्षर मोत्यासारखे. फळ्यावरचा धडा पानभर नीट उतरवलेला, एक काना-मात्रा इकडची तिकडे नाही. मी कौतुकाने म्हटले, "बाय, एवढं छान लिहिलंस, आता वाचून दाखव बघू."

ती गप्प राहिली. मी दुसऱ्या पानावर बोट ठेवले. तरी गप्प. शेवटी दुसरीच्या पुस्तकातील एक सोपी ओळ पुढे धरली. तिने दोन-तीन अक्षरे ओळखली, पण त्यांचा शब्द काही होईना. चार वर्षे ती अक्षरांची चित्रे काढत होती. तिची आई शेजारीच उभी होती. ती हळूच म्हणाली, "रोज शाळेत जाते ताई, खाडा नाय करत."

त्या दिवशीच्या अहवालात मी लिहिले की दप्तरवाटप व्यवस्थित पार पडले. ते खरेच होते. पण त्या आईचे वाक्य मनातून जाईना. तिने तिचे काम केले होते, मुलीला रोज पाठवले होते. आपणही आपले काम केले होते, दप्तर दिले होते. मग मुलीला वाचता का येत नव्हते?

हा प्रश्न आपल्या एका पाड्याचा नाही. गेली वीस-पंचवीस वर्षे जगभरातील आणि आपल्या देशातील संशोधक याच प्रश्नामागे आहेत. मुले शाळेत आली, तरी ती शिकत का नाहीत? शिक्षक, पुस्तके, पगार, भाषा यांपैकी कशाने फरक पडतो? त्यांना जे सापडले ते आपल्या देणगीशी थेट संबंधित आहे, म्हणून या अंकात ते सोप्या शब्दांत मांडत आहे.

शाळेत असणे आणि शिकणे

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळा, पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत किमान दोन शिक्षक, महाराष्ट्रात प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत, अशा गोष्टी हक्क म्हणून मिळाल्या. पटनोंदणीत त्याचे फळ दिसते. आज ग्रामीण भारतात या वयाची ९८ टक्क्यांच्या आसपास मुले शाळेच्या पटावर आहेत. आपल्या आजी-आजोबांच्या काळात आदिवासी पाड्यांवर हे कोणाला खरे वाटले नसते.

पण पटावर नाव असणे आणि वाचता येणे यांत अंतर आहे. ते मोजण्याचे काम 'प्रथम' ही संस्था २००५ पासून 'असर' या पाहणीतून करते. पद्धत अगदी साधी आहे. कार्यकर्ता घरी जातो, मुलाला शेजारी बसवतो आणि एक कागद पुढे ठेवतो. त्यावर काही अक्षरे, काही शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट असते. मूल कुठपर्यंत वाचते एवढेच पाहायचे.

ग्रामीण भारतात पाचवीत असूनही दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचू शकणारी मुले २०१८ मध्ये ५०.५ टक्के होती. करोनाकाळात शाळा बंद राहिल्या आणि २०२२ मध्ये हे प्रमाण ४२.८ टक्क्यांवर घसरले. २०२४ मध्ये ते ४८.८ पर्यंत सावरले. म्हणजे चांगल्या वर्षातही पाचवीतल्या दोन मुलांपैकी एकाला दुसरीचे पुस्तक जड जाते. आपल्या पाड्यावरची ती मुलगी एकटी नव्हती.

करोनाचा फटका सर्वांना सारखा बसला नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रासह पंधरा राज्यांतील गरीब वस्त्यांत झालेल्या पाहणीत ग्रामीण मुलांपैकी फक्त ८ टक्के मुले नियमित ऑनलाइन शिकत होती. आपल्याकडे ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग डिसेंबर २०२१ मध्ये उघडले. ज्या मुलाने मार्च २०२० मध्ये पहिली सोडली, ते परतले तेव्हा तिसरीत बसले होते. तिसरीचे पुस्तक धरून चालते की मुलाला वाचता येते. गुरुजींनाही वर्षभरात पुस्तक संपवायचे असते. वर्ग पुढे जातो, मूल फळ्यावरचे उतरवत मागे राहते. पुढच्या वर्षी पुस्तक आणखी जड होते आणि अंतर वाढत जाते.

फक्त वस्तू दिल्याने काय होते?

आता आपल्या जवळच्या विषयाकडे येते. १९९० च्या दशकात पश्चिम केनियातील ग्रामीण शाळांमध्ये एक प्रयोग झाला. तिथे पुस्तकांचा मोठा तुटवडा होता. काही शाळांना पाठ्यपुस्तके दिली, तशाच इतर शाळांना दिली नाहीत आणि दोन्हींची तुलना केली. सर्वांना वाटत होते की गुण वाढणार. पण सरासरी वाढलीच नाही. जी मुले आधीपासून पुढे होती, तेवढ्यांनाच पुस्तकांचा उपयोग झाला. कारण पुस्तके इंग्रजीत होती आणि ती बहुतेक मुलांची तिसरी भाषा होती. ज्याला वाचता येत नाही त्याच्या हातात पुस्तक दिले, तर ते दप्तरातच राहते.

आपल्या देशात बिहार आणि उत्तराखंडमध्येही असेच दिसले. चांगले वाचनसाहित्य शाळांना नुसते पोचवले, तेव्हा मुलांच्या वाचनात फरक पडला नाही. ते साहित्य घेऊन रोज मुलांबरोबर बसणारे कोणी असले, तरच फरक पडला.

याचा अर्थ दप्तरे देऊ नयेत असा नाही. पावसात वह्या कोरड्या राहतात, मुलाला शाळेत जायची लाज वाटत नाही, आईचे चार पैसे वाचतात. हीदेखील सेवाच आहे. पण दप्तर दिले म्हणजे शिक्षण दिले, असे आपण अहवालात लिहू नये. मीही ते अनेक वर्षे लिहीत आले आहे.

मुंबईतील बालसखी

मग कशाने फरक पडतो? एक उत्तर इथून जवळच सापडले. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई आणि वडोदरा येथील महापालिका शाळांमध्ये 'प्रथम' संस्थेच्या 'बालसखी' उपक्रमाचा अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे २०१९ मध्ये बॅनर्जी, डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, ते गरिबीवरच्या अशाच प्रयोगांच्या पद्धतीसाठी.

बालसखी म्हणजे त्याच वस्तीतील एक शिकलेली तरुणी. तिसरी-चौथीत मागे पडलेली पंधरा-वीस मुले ती रोज सुमारे दोन तास वर्गाबाहेर घेऊन बसायची. तिसरीचे पुस्तक बाजूला ठेवून मूल जिथे अडले आहे तिथून सुरुवात करायची. अक्षर येत नसेल तर अक्षर, शब्द येत नसेल तर शब्द. दोन वर्षांत या शाळांतील मुलांच्या गुणांत स्पष्ट वाढ झाली आणि सर्वांत जास्त लाभ सर्वांत मागे असलेल्या मुलांना झाला.

यातून पुढे एक पद्धत तयार झाली. दिवसाचा एखादा तास इयत्ता विसरायची आणि मुलांचे गट त्यांच्या वाचनाच्या पातळीनुसार करायचे. उत्तर प्रदेशातील गावांत अशी थोड्या दिवसांची शिबिरे शाळेतच घेतली, तेव्हा उतारा किंवा गोष्ट वाचू शकणाऱ्या मुलांचे प्रमाण, शिबिर न झालेल्या शाळांच्या तुलनेत, जवळपास दुप्पट झाले. हरियाणात सरकारी शिक्षकांना शाळेच्या वेळेतच यासाठी एक तास राखून दिला आणि त्यांच्यावर देखरेख ठेवली, तिथेही मुले पुढे गेली.

संशोधकांनी एक इशाराही दिला आहे. बालसखी बंद झाल्यावर वर्षभरात मिळालेल्या फायद्याचा बराचसा भाग ओसरला. तेव्हा एक उन्हाळी शिबिर घेऊन, फोटो काढून, काम झाले असे मानता येणार नाही.

गुरुजी येतच नाहीत का?

आपल्या सभांमध्ये हमखास ऐकू येणारे वाक्य म्हणजे, "सरकारी शाळेत शिक्षक येतच नाहीत." याचीही तपासणी झाली आहे. २००३ मध्ये देशभरातील शाळांना न सांगता भेटी दिल्या गेल्या, तेव्हा साधारण चारांपैकी एक शिक्षक जागेवर नव्हता. पण पाहणी झालेल्या राज्यांत सर्वांत कमी गैरहजेरी महाराष्ट्रात होती, सुमारे १५ टक्के. त्यातही रजा, प्रशिक्षण आणि सरकारी कामे आली. २०१७ मधील अझीम प्रेमजी फाउंडेशनच्या अभ्यासात तर कारणाशिवाय गैरहजर असलेले शिक्षक केवळ अडीच टक्के आढळले. तेव्हा सरसकट सगळ्या गुरुजींना दोष देणे अन्यायाचे आहे.

पगार वाढवला की शिकवणे सुधारते का? इंडोनेशियात शिक्षकांचा पगार जवळपास दुप्पट केला. शिक्षक समाधानी झाले, पण मुलांच्या शिकण्यात फरक दिसला नाही. उलट आंध्र प्रदेशात, नेहमीच्या शिक्षकांच्या जोडीला कमी मानधनावर नेमलेले स्थानिक शिक्षक मुलांना शिकवण्यात कमी पडले नाहीत आणि त्यांची हजेरीही जास्त होती. या दुसऱ्या निष्कर्षाचा काही जण असा अर्थ लावतात की शिक्षक स्वस्तात ठेवावेत. मला तो पटत नाही. राबणाऱ्याला त्याची मजुरी पुरेशी मिळायलाच हवी. महाराष्ट्रात २००० पासून शिक्षण सेवक योजना आहे. नवा शिक्षक पहिली तीन वर्षे मानधनावर असतो. प्राथमिक शिक्षण सेवकाचे हे मानधन बरीच वर्षे सहा हजार रुपये होते, २०२३ मध्ये ते सोळा हजार झाले. सहा हजारांत बोईसरमध्ये खोली घेऊन राहायचे कसे, हा प्रश्न त्या तरुणांनाच विचारा. आंध्रच्या अभ्यासातून मी घेते ते एवढेच, की जवळचा माणूस मुलाच्या उपयोगी पडतो.

पालघरची खरी अडचण

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. वारली, कोकणा, कातकरी, मल्हार कोळी, ठाकूर असे आदिवासी समाज इथे मोठ्या संख्येने आहेत. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, तलासरी आणि डहाणूचे डोंगरपाडे एकीकडे, तर तारापूर-बोईसरची औद्योगिक वसाहत दुसरीकडे. ज्या तारापूरची अणुवीज १९६९ पासून देशाला जाते, त्याच जिल्ह्यात हे पाडे आहेत.

शिक्षक भरती राज्यपातळीवरच्या गुणवत्ता यादीतून होते. नांदेड, बीड किंवा चंद्रपूरच्या मुलाला पालघर मिळते. तो येतो, भाड्याने राहतो, कधी विरार-पालघरहून डहाणू लोकलने ये-जा करतो. घरी म्हातारे आईवडील असतात. काही वर्षांनी तो आंतरजिल्हा बदलीचा अर्ज भरतो. त्याच्या जागी आपणही तेच केले असते. पण तो जातो तेव्हा पाड्यावरची जागा रिकामी राहते आणि चार इयत्ता एका शिक्षकावर येतात. अनुभवी शिक्षक आपल्या गावी पोचतो, पाड्याला पुन्हा नवखा मिळतो, तोही मिळाला तर.

दुसरी अडचण भाषेची. मूल घरी वारली बोलते, पुस्तक प्रमाण मराठीत असते आणि गुरुजींची बोली मराठवाड्याची. औद्योगिक पट्ट्यात शेजारच्या बाकावरचे मूल घरी हिंदी किंवा भोजपुरी बोलते. राज्यघटनेच्या ३५० क कलमात प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्यास सांगितले आहे. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही शक्य तिथे पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह धरते. पण ती भाषा बोलणारा माणूस वर्गात नसेल, तर धोरण कागदावरच राहते.

स्थानिक शिक्षक हाच यावरचा सरळ उपाय वाटतो. २०१४ मध्ये राज्यपालांच्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रातील शिक्षकासह अनेक पदे स्थानिक आदिवासी उमेदवारांसाठी ठेवली. पण आंध्रमधील अशाच शंभर टक्के आरक्षणाविरुद्ध २२ एप्रिल २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि आपल्याकडची पेसा भरतीही अडकली. आंदोलने झाली, त्यानंतर २०२४ मध्ये अनेकांना तात्पुरत्या मानधनावर नेमणूक मिळाली. शिकलेली आदिवासी मुले-मुली पाड्यात आहेत आणि रिकाम्या जागाही पाड्यात आहेत. दोघांची गाठ नीट पडत नाही.

त्यात पटसंख्येचा प्रश्न आहे. २०२४ च्या 'असर'मध्ये देशातील निम्म्याहून अधिक सरकारी प्राथमिक शाळांचा पट साठपेक्षा कमी होता. आपल्या राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या सुमारे पंधरा हजार शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचा विचार २०२३ मध्ये पुढे आला. मोठ्या शाळेत प्रत्येक इयत्तेला शिक्षक मिळेल, हे खरे. पण पावसाळ्यात ओहोळ भरला की सहा वर्षांचे मूल दुसऱ्या पाड्याला जाणार कसे? वही-पेनाच्या हिशेबात हा ओहोळ दिसत नाही.

कोसबाडच्या टेकडीवर हे आधीच कळले होते

हे सगळे परदेशी विद्यापीठांनीच शोधले असे समजू नका. तारापूरच्या उत्तरेला, डहाणू तालुक्यात, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडला नेले. बालवाडीत दलित-आदिवासी वस्तीतली मुले येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा आज देशभर रुळलेला शब्द तिथला. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नव्हती, तेव्हा शाळा कुरणावर गेली. मूल जिथे आहे तिथून सुरुवात, हे बालसखीचे तत्त्व त्यांनी अनेक दशके आधी आचरले.

वसई भागात विधायक संसद या संस्थेने १९९० च्या दशकात वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा चालवल्या. दिवाळीनंतर कातकरी आणि वारली कुटुंबे भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मूल गावच्या पटावर असते आणि प्रत्यक्षात भट्टीच्या भोंग्यात. अशा मुलासाठी सरकारची हंगामी वसतिगृहे आणि शिक्षण हमी पत्रक आहे. पण ते पत्रक घेऊन मुलाला भट्टीजवळच्या शाळेत बसवणारा कोणी तरी लागतो.

आपल्या मिशनांच्या इतिहासातही हे आहे. सावित्रीबाई फुले शिकवू लागल्या, त्यांनी अध्यापनाचे प्रशिक्षण अहमदनगरला सिंथिया फरार यांच्या संस्थेत आणि पुण्यात मिचेल बाईंकडे घेतले. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावा, शेतकरी समाजातला असावा आणि त्याला पुरेसा पगार मिळावा असे मांडले. जवळचा, तयार केलेला, पोटभर मजुरी मिळणारा शिक्षक. संशोधन आज फिरून तिथेच येते.

आपण काय करायचे?

समितीपुढे मी एक विनंती ठेवली आहे आणि ती तुम्हालाही सांगते. पुढच्या वर्षी दप्तरवाटपाच्या रकमेतील काही भाग पाड्यावरच्या वाचनवर्गासाठी ठेवावा. बारावी किंवा डी.एड. झालेली त्याच पाड्यातली तरुणी, तिला वेळेवर आणि मान राखणारे मानधन, रोज दोन तास, इयत्तेऐवजी पातळीनुसार गट. सुरुवात वारलीत बोलून, मग पुस्तकातली मराठी. हे वर्ग शाळेच्या विरोधात नसतील. आधी गुरुजींना भेटून, त्यांच्या यादीनुसार मुले घेऊ. सरकारी शाळेची जागा आपण घेऊ शकत नाही आणि घेऊही नये. रिक्त जागा भराव्यात ही मागणी शाळा व्यवस्थापन समिती आणि ग्रामसभेतून पालकांनी करत राहावी, त्यासाठी अर्ज लिहायला आपण मदत करू.

दर तीन महिन्यांनी प्रत्येक मुलाला तो साधा कागद वाचायला देऊ: अक्षर, शब्द, उतारा, गोष्ट. किती मुले कुठून कुठे गेली, तेवढेच या पत्रिकेत छापू. कमी झाली तर तेही छापू. आणि वर्ग किमान तीन वर्षे चालेल एवढी सोय झाल्याशिवाय नवा पाडा घेणार नाही, कारण मध्येच सोडले तर मिळवलेले ओसरते.

तुमच्यापैकी निवृत्त शिक्षक असतील त्यांनी महिन्यातून एक दिवस आमच्या तरुणींना शिकवायला यावे. ज्यांना येणे शक्य नाही त्यांनी एका वर्गाच्या मानधनाचा वाटा उचलावा. आणि तुमच्या घरी कामाला येणाऱ्या ताईंचे मूल पाचवीत असेल, तर त्याला शेजारी बसवून दुसरीचे पुस्तक वाचायला द्या. तो अडला, तर त्याला हसू नका, कोणत्या अक्षराशी अडला ते बघा.

त्या मुलीकडे मी मागच्या महिन्यात पुन्हा गेले. ती आता सहावीत आहे. सध्या रविवारी दुपारी आम्ही दोघी अर्धा तास बसतो. परवा तिने पहिल्यांदा एक पूर्ण ओळ बोट न ठेवता वाचली आणि आईकडे पाहिले. आई भांडी घासत होती, ती घासायची थांबली. ओळ तिसऱ्यांदा वाचून घेतल्यावरच तिने पुन्हा राखेला हात लावला. आठवड्यातला अर्धा तास फार थोडा आहे. तिला रोज शिकवणारी कोणी तरी हवी आहे, आणि तिच्यासारखी मुले आपल्या प्रत्येक पाड्यावर आहेत. या कामाची प्रार्थनेत आठवण ठेवा.